धोंडीबाचं पान

आमच्या गावच्या हिशोबाने माझे वडील माझ्या आईपेक्षा वयाने लहान होते. नुसते लहान नव्हेत, त्यांचं बारसं माझ्या आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. बारशाच्या घुगऱ्या तिनेच शिजवल्या आणि वाटल्या. हे मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायची तेव्हा त्यांना वाटायचं, कुसुम थापा मारते. पण आमच्या गावात हे पोराटोरांनाही ठाऊक होतं आणि त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. माझे वडील, म्हणजे आप्पा, लग्नानंतर थोड्याच दिवसांत गोऱ्या साहेबाच्या फौजेत गेले, वाळवंटात लढायला. काही काळाने तार आली की धोंडीबा लढाईत पडला. आप्पांचे थोरले भाऊ, आमचे आबा, हे घरातले कर्ते. त्यांनी डोकं भादरून घेतलं, दहावा केला, तेरावा केला, गावजेवण घातलं. आईच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं. आणि लढाई संपल्यावर एका दुपारी धोंडीबा पारनेरच्या रस्त्याने चालत गावात आला.

आई सांगायची की त्यांना पाहून कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, माणसं तर बोलायचीच बंद झाली. कुणी त्यांना घरात घेईना. ज्याचे दिवस घातले, पिंडाला कावळा शिवला, तो उंबरा ओलांडून आत कसा येणार? त्यांना तीन-चार दिवस मारुतीच्या देवळात ठेवलं आणि तिथेच भाकरी पोचवली. शेवटी जोशीबुवांनी पोथी काढून तोड सांगितली. मेलेला माणूस परत येत नाही, पण नवा माणूस जन्माला येऊ शकतो. मग त्या सहा फुटी गड्याला आंघोळ घालून, धोतराच्या झोळीचा पाळणा करून त्यात बसवला, बायकांनी पाळणा म्हटला आणि कानात नवं नाव सांगितलं, कानिफ. आमच्या भागात नाथांचा वावर, तेव्हा नाव चांगलंच होतं. नव्या जन्माला जुनी बायको चालत नाही म्हणून मग आईशी पुन्हा लग्नही लावलं. त्या लग्नात बायकांनी आईला नाव घ्यायला सांगितलं, तर ती म्हणाली, ह्ये नाव माज्या तोंडात बसत न्हाई. बायकांनी हसून सोडून दिलं, आणि तिने पुढे कधीच, हळदीकुंकवाला नाही, डोहाळजेवणाला नाही, कुणाच्या लग्नात नाही, उखाणा घेतला नाही. मी आणि माझा भाऊ या दुसऱ्या लग्नाची मुलं. जुनं नाव घरात काढायचं नाही, हा आबांचा दंडक होता. चुकून कुणाच्या तोंडून गेलंच तर आबा उठून अंगणात पाणी शिंपडायचे.

आता सत्तरी ओलांडल्यावर, उभा जन्म इंग्रजी साहित्य शिकवल्यावर, मला या सगळ्याला काय म्हणतात ते माहीत आहे. वसाहतोत्तर कादंबरीतला मानसिक आघात आणि अस्मिता, असं ते भारदस्त नाव आहे. त्यावर मी व्याख्यानं दिली, परिसंवादांत भांडले, विद्यार्थ्यांकडून प्रबंध लिहून घेतले. एकदा एका विद्वानांनी मला विचारलं की बाई, तुम्ही एवढ्या छातीठोकपणे बोलता, तुमचा आधार काय? मी म्हटलं, आमच्या घरचं धाबं. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी चेष्टा करते हे खरं, पण तेव्हा करत नव्हते.

आप्पा कसे होते हे सांगायला हवं. उंच, सावळे, कमी बोलणारे. ते कधीही दाराकडे पाठ करून बसले नाहीत. जेवताना भाकरीचा चतकोर मोडून बंडीच्या खिशात ठेवायचे, मग घरात भाकरीची चळत असो की नसो. तो चतकोर दुसऱ्या दिवशी गाईला जायचा आणि नवा खिशात यायचा. धुण्याला बंडी टाकताना आई न बोलता खिसा उलटा करायची. आणि त्यांना हाक दोनदा मारावी लागायची. "कानिफ" म्हटलं की ते आपल्याच तंद्रीत, दुसऱ्यांदा म्हटलं की दचकून वळायचे, जणू शेजारच्या माणसाला हाक मारली होती आणि आता कळलं की आपल्याला. गावातली टवाळ मंडळी म्हणायची, मेजरच्या कानाला तोफेने दडे बसलेत. दडेबिडे काही नव्हते. शेतात पार दुसऱ्या बांधाला सरडा सळसळला तरी त्यांना ऐकू जायचं.

आणि पान. दर भादव्यात पितृपक्षात आमच्याकडे आजोबा-पणजोबांची पानं वाढली जायची. कढी, वडे, गवारीची भाजी, भोपळा, खीर. ती पानं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, नेऊन ठेवायची, नाव घ्यायचं आणि कावळ्याची वाट बघायची. या पानांच्या शेजारी एक पान असायचं धोंडीबाच्या नावाचं. ज्याचा तेरावा झाला त्याला पितरांत जागा द्यावीच लागते, असं जोशीबुवांनी सांगून ठेवलेलं. आणि ते पान ठेवायचे कोण, तर खुद्द आप्पा. शिडी चढून वर जायचे, आपल्याच हाताने आपलं पान मांडायचे आणि म्हणायचे, "धोंडीबाच्या नावानं." या पानावर ते नेहमीचा दुकानातला तांदूळ चालू द्यायचे नाहीत. जाडा, तांबूस, हातसडीचा डोंगरातला तांदूळ पाहिजे. त्यासाठी दरवर्षी पितृपक्षाच्या आधी एसटीने संगमनेरपलीकडच्या अकोल्याकडे जायचे आणि फडक्यात बांधलेली पुरचुंडी घेऊन यायचे. आम्ही बाजरीची माणसं, भात आमच्याकडे सणासुदीला. मेलेल्याचे लाड जिवंतापेक्षा जास्त आहेत, असं आई म्हणायची, आणि भात मात्र निगुतीने शिजवायची.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. मी नगरला एम.ए. करत होते. वसतिगृहात पाणी नाही म्हणून मेस बंद झाली आणि आम्हा मुलींना घरी पाठवलं. येताना मी एक पुस्तक घेऊन आले. आमच्या सरांकडचं, आफ्रिकेतल्या कुणा लेखकाचं, बारीक टायपातलं, पाठीची बांधणी सुटलेलं. नाव सांगत बसत नाही, मला पुढे ते कुठेही मिळालं नाही. त्यावर निबंध लिहायचा होता. घरी परिस्थिती बेताची असली तरी आईने त्याचा बाऊ केला नव्हता. सरकारी लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापायच्या, त्या तव्यावर चिरायच्या, आई त्यांना दोन शिव्या द्यायची आणि पुन्हा थापायची. आंबाडीची भाजी, ठेचा आणि मिलोची भाकरी, हे माझं त्या दिवसांतलं जेवण, आणि त्यावर मी चांगली बाळसेदार झाले होते हे त्या वेळचा फोटो सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला दुष्काळी कामावर पाझर तलाव चालू होता. माझा भाऊ आणि आबा तिकडेच कामाला. दुपारी तिथे सुरुंग उडायचे. आधी कुणीतरी "सुरुंग हाय वोऽऽ" म्हणून ओरडायचं आणि मग धरणीच्या पोटातून आवाज यायचा. पहिल्या दिवशी तो आवाज झाला तेव्हा आप्पा अंगणात दोरी वळत होते. मी बघितलं तेव्हा ते गोठ्याच्या भिंतीला अंग चिकटवून जमिनीवर पडले होते आणि हातात दोरी तशीच होती.

त्यांना उठवलं तर चालणार नव्हतं, हे आईला ठाऊक होतं. ती शेजारी बसून मिलो निवडायला लागली आणि मला म्हणाली, "काहीतरी मोठ्यांदा वाच. मानसाचा आवाज येऊ दे." हाताशी तेच पुस्तक होतं. मी मनातल्या मनात मराठी करत मोठ्याने वाचायला लागले. थोड्या वेळाने आप्पा उठून बसले आणि अंगावरचं शेण झटकत म्हणाले, "पुढं काय?" असं आमचं वाचन सुरू झालं. रोज दुपारी, सुरुंगाच्या वेळेला, गोठ्यात. माझ्या मराठीत त्या आफ्रिकन गावाचा मुखिया पाटील झाला, त्यांचे कंद रताळी झाले आणि ताडाची दारू शिंदी झाली. त्या गोष्टीतल्या माणसाला दोन वेळचं काय मिळतं, असं आई मधूनच विचारायची, आणि मी सांगितलं की रताळ्याचा लगदा, तर म्हणायची, बरं हाय, मिलोपेक्षा. मी आयुष्यात पुष्कळ भाषांतरं केली, छापलीही, पण एवढे चोखंदळ श्रोते मला पुन्हा मिळाले नाहीत.

पुस्तकातली गोष्ट अशी होती की एक तरुण गोऱ्यांच्या लढाईवर जातो. तो मेला अशी बातमी येते. तो परत येतो तेव्हा गाव म्हणतं की हे त्याचं भूत आहे आणि त्याला वेशीबाहेर ठेवतं. हे वाचताना माझी जीभ अडखळली. सरांनी पुस्तक देताना मला काहीच सांगितलं नव्हतं आणि त्यांना आमच्या घरचं काही ठाऊकही नव्हतं. मी आप्पांकडे बघितलं. ते दोरी वळत होते. "त्येला पाळण्यात घातला का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे तशी रीत नसावी. "मंग त्येचे लई हाल हुत्याल," आप्पा म्हणाले. मला त्या क्षणी जे वाटलं ते सरळ सांगते. मला फार आनंद झाला. समुद्रापलीकडच्या कुणा काळ्या माणसाने माझ्या बापाची गोष्ट लिहिली होती आणि ती मला वाचता येत होती. इंग्रजी शिकून काय दिवे लावणार, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं त्या सगळ्यांना मी त्या गोठ्यात मनातल्या मनात उत्तर दिलं.

पितृपक्ष तोंडावर आला तेव्हा आबांनी जेवताना विषय काढला. आबा वाईट नव्हते. कडक होते, आणि घराचा गाडा त्यांनी एकट्याने ओढला होता. ते म्हणाले, माणसांना खायला मिळेना आणि आपण कावळ्याला डोंगरचा भात घालायचा? त्यातून कुसुमला बघायला मंडळी येणार. जिवंत माणूस धाब्यावर चढून स्वतःचं पितर घालतो, हे कुणी बघितलं तर पोरीचं लग्न होईल का? यंदापासून ते पान बंद, आणि अकोल्याची वारीही बंद. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि उठून गेले. पुढचे दोन दिवस त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि आईने धुवायला घेतलेल्या बंडीचा खिसा रिकामा निघाला. तो रिकामा खिसा बघून आईचा चेहरा जसा उतरला तसा दुष्काळानेही उतरला नव्हता. लढाईवरून आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं, ती मला म्हणाली.

मी घाबरले, पण वाचन सोडलं नाही. त्या दुपारी जे पान निघालं त्यात त्या शिपायाची आई रोज संध्याकाळी मुलाच्या आत्म्यासाठी दाराबाहेर अन्न ठेवते. मुलगा अंधार पडल्यावर येतो आणि ते उभ्याउभ्या खाऊन जातो. आई दाराआड जागी असते, पण दार उघडत नाही. सकाळी भांडं रिकामं बघून ती शेजारणीला सांगते की माझ्या लेकाचा आत्मा जेवला. मी एवढं वाचून थांबले. वर सुरुंग उडाला. आप्पा हलले नाहीत. "त्या म्हातारीला ठावं हाय," ते म्हणाले, "भूत जेवत न्हाई ते." आणि मग माझ्या वडिलांनी, जे आम्हाला बाजाराचा भावसुद्धा एका शब्दात सांगायचे, त्यांनी बोलायला सुरुवात केली.

भिवा म्हणून त्यांचा एक जोडीदार होता, अकोल्याकडच्या डोंगरातला. वाळवंटात तो रोज भाताची आठवण काढायचा आणि आप्पा त्याला चिडवायचे. शत्रूने त्यांची तुकडी पकडली तेव्हा भिवाच्या पोटात गोळी होती आणि तो थंडीने कुडकुडत होता. आप्पांनी स्वतःचा कोट काढून त्याच्या अंगावर घातला. गळ्यातला नावाचा बिल्ला दोरी तुटली म्हणून त्या कोटाच्या खिशात टाकलेला, तो घाईत तिथेच राहून गेला. जखमींना एका गाडीत घातलं, धडधाकटांना दुसरीत. भिवा वाटेत गेला. त्याचा स्वतःचा बिल्ला लढाईतच हरवलेला, म्हणून ज्यांनी पुरला त्यांनी खिशातला बिल्ला बघून धोंडीबा पुरला. आई हातातलं सूप खाली ठेवून ऐकत होती. मी विचारलं, मग कैद्यांच्या छावणीत तुम्ही तुमचं नाव का सांगितलं नाही? तेव्हा आप्पा जे बोलले ते मी पुढे कुठल्याही परिसंवादात सांगितलं नाही, आज लिहिते आहे.

"तोंडच उघडंना," ते म्हणाले. "इचारायचे, नाव काय, नाव काय. धोंडीबा म्हनावं, तर धोंडीबा म्या भिवाच्या अंगावर पांघरला हुता. त्यो काढून कसा घ्यायचा? वरीसभर मुका हुतो, पोरी. नंबर दिला त्यांनी, त्या नंबरावर जगलो."

जोशीबुवांनी पानाचं जे सांगितलं ते त्यांना आप्पांनीच सांगायला लावलं होतं. धोंडीबाच्या नावाने जो जेवत होता तो भिवा होता, म्हणून डोंगरचा भात. आणि तो भात बाजारातला नव्हता. लढाईवरून आल्यावर आप्पा भिवाच्या आईकडे गेले होते. सरकारने तिला मुलगा बेपत्ता म्हणून कळवलेलं. आप्पांनी तोंड उघडायच्या आत तिने त्यांना दम भरला की माझा ल्योक यायचा हाय, वाईट शब्द माझ्या दारात काढायचा नाही. आणि जाताना तिने फडक्यात तांदूळ बांधून दिला. तेव्हापासून दरवर्षी आप्पा तिच्याकडे जायचे, जेवायचे, तिच्याशी इकडचं तिकडचं बोलायचे आणि तांदूळ घेऊन यायचे. तिच्याच घरचा भात तिच्या लेकाला, तिला न सांगता. आई सूप घेऊन उठली आणि म्हणाली, "कुसुम, उद्याच्या गाडीनं जा ह्यांच्यासंगं. आबांस्नी म्या बघते." माझ्या आईने आबांशी कधी वर मान करून बोललेलं मी पाहिलं नव्हतं. ती काय बोलली माहीत नाही, पण सकाळी आबा आम्ही निघालो तेव्हा पाठमोरे बसून बैलाच्या गळ्यातली घंटा पुसत होते आणि त्यांनी अडवलं नाही.

संगमनेरला गाडी बदलून अकोले, तिथून भंडारदऱ्याकडच्या जीपगाडीत दाटीवाटीने बसून एका फाट्यावर उतरलो. पुढे पायवाट. आमच्या उघड्याबोडक्या माळानंतर तिथे डोंगराचं हिरवं बघून माझे डोळे निवले. पण भाताची खाचरं तिथेही अर्धी पिवळी पडली होती. आप्पा पुढे चालत होते, आणि मला जाणवलं की त्यांच्या चालीत फरक पडला आहे. घरी ते जमीन विचारत विचारत चालायचे, इथे माहेरी आलेल्या पोरीसारखे झपझप. कुडाच्या घरापुढे एक वाकलेली म्हातारी नाचणी पाखडत होती. तिने डोळ्यांवर हात धरला आणि तिथूनच हाक दिली, "धोंडीबा, आलास रं?"

"व्हय, आये," आप्पा म्हणाले. एका हाकेला. भिवाने फौजेतून धाडलेल्या पत्रांतलं तेच नाव तिच्या तोंडी राहिलं होतं. उभ्या जन्मात मी त्यांना या नावाने कुणी हाक मारलेली ऐकली नव्हती, धाब्यावरून आप्पांचं पुटपुटणं तेवढं ऐकलेलं. साऱ्या जगात एवढं एकच अंगण होतं जिथे माझा बाप मेलेला नव्हता. तिने मला जवळ ओढून माझा चेहरा चाचपला, बापावर गेलीस म्हणाली, आणि नाचणीची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण वाढलं. चिंबोऱ्या फोडायच्या कशा हे मला येईना, तर तिने एखाद्या लहान मुलाला भरवावं तसं गर काढून दिला. मी तेव्हा बावीस-तेवीसची घोडी, इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी.

निघताना तिने कणगीत हात घातला आणि फडक्यात तांदूळ ओतायला लागली. कणगीच्या तळाला हात खरवडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी म्हटलं, आजी, यंदा तुमच्याकडेच कमी आहे, मूठभर पुरे. ती थांबली नाही.

"मूठभर कसं? त्येला कमी वाढायचं व्हय?"

आप्पा उंबऱ्यावर होते. त्यांनी दाराची चौकट धरली. म्हातारीने फडक्याची गाठ मारली, ती दाताने आवळली आणि त्यांच्या हातात दिली. मग अगदी रोजचं बोलल्यासारखं म्हणाली, "तू दर साली भादव्यातच येतूस, धोंडीबा. येक डाव तरी दिवाळीला आलास का? मला ठावं हाय. तू आपल्याच नावाचं पान मांडतूस, ह्ये तुमच्याकडला येक बैलवाला सांगून गेला. पर म्या माज्या हातानं वाढलं असतं तर त्यो मेला असता. तू वाढत हुतास तवर कुटंतरी जेवत हुता." आप्पांच्या गळ्यातून आवाज निघाला, तो रडण्याचा होता का हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. म्हातारीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आता म्या थकले. आता त्येच्या नावानं वाढ. लई दिस तुज्या नावावर जेवला त्यो. तुजं तुला माघारी घे."

मी नंतर ते पुस्तक पुरं वाचलं. शेवटी तो शिपाई गाव सोडून निघून जातो आणि म्हातारीचं दार बंदच राहतं. आप्पांना मी शेवट सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, लिवनाऱ्यानं घाई केली, म्हातारीला अजून थोडं जगवायला पायजे हुतं. माझ्या निबंधात मी नेमकं हेच लिहिलं, जरा इंग्रजी साज चढवून, आणि सरांनी समासात लिहिलं की हा विचार तुमचा स्वतःचा दिसतो. तो माझा नव्हता. पण मी पुढचं सारं आयुष्य त्या एका विचारावर निर्धास्त उभी राहिले, आणि कुठला मोठा टीकाकार मला तिथून हलवू शकला नाही.

घरी आल्यावर आबांना सांगायचं काम माझं होतं. मी अंगणातच उभी राहून सगळं सांगितलं, भीत भीत नाही, वर्गात धडा सांगावा तसं. तुम्ही तेरावा घातला तो वाया गेला नाही, आबा, म्हटलं, एक माणूस खरंच मेला होता आणि त्याचं करायला दुसरं कुणी नव्हतं. फक्त नाव चुकलं. आबांनी बराच वेळ आपल्या डोक्यावरून हात फिरवला, जे डोकं त्यांनी भावासाठी भादरलं होतं. "मंग म्या पानी कुनाच्या नावावर शिंपडत हुतो?" ते एवढंच म्हणाले, आणि मला एकदम त्यांची माया आली.

पितराच्या दिवशी आईने तो तांदूळ शिजवला. मिलोच्या कडवट वासाला सरावलेल्या घरात तो वास असा शिरला की शेजारच्या बायका काही ना काही मागायच्या निमित्ताने दारात डोकावून गेल्या आणि मग तिथेच बसल्या. आप्पा पान घेऊन शिडी चढले. आम्ही सगळे खाली अंगणात उभे होतो. त्यांनी पान मांडलं, भोवती पाणी फिरवलं, आणि आम्हाला स्वच्छ ऐकू आलं, "भिवाच्या नावानं." धोंडीबाचं पान त्या वर्षी नव्हतं. कावळ्याने त्या दिवशी वाट बघायला लावली नाही. दारातल्या बायकांत कुजबुज झाली, हा भिवा कोण? आबांनी खाकरून सांगितलं की आमच्या घरातला होता, फौजेत गेला. मग त्यांनी आईकडे वळून, जन्मात कधी भावजयीची थट्टा न केलेल्या त्या माणसाने म्हटलं, "आता तुजी काय अडचन हाय? घे की नाव."

आईचे हात पिठाचे होते. तिने ते पदराला पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला, धाब्याकडे बघितलं आणि लग्नाच्या मांडवात उभी असल्यासारखी खणखणीत म्हणाली,

"डोंगरच्या भाताचा वास सुटला दारी,
धोंडीबाचं नाव घेते, आले ते घरी."

बायका हसायच्या आत वरून आप्पांनी ओ दिली, पहिल्याच हाकेला.